काळ्या दगडाच्या मुलखात जीवाश्म कसे पाहावेत

दिवाळी आटोपली, खरिपाची काढणी झाली, की मला बेळगाव जिल्ह्यातून काही ठरलेले फोन येतात. कधी येळ्ळूरहून, कधी निपाणीहून, कधी चिकोडीच्या अलीकडून. "सर, विहीर खणताना गोल दगड निघालाय. कांद्यासारखे पापुद्रे सुटतायत. डायनासोरचं अंडं असेल का?" मी फोटो मागवतो, मोठा करून बघतो आणि सांगतो, नाही. आजवर एकदाही ते अंडं निघालेलं नाही. पलीकडचा आवाज एकदम पडतो आणि मलाच वाईट वाटतं.

त्या मंडळींसाठी आणि या वाटेला नव्यानं लागणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मूळ मुद्दा एकच आहे. जीवाश्म शोधायला निघण्याआधी आपण कुठल्या दगडावर उभे आहोत ते ओळखायला शिका. आमच्याकडे लोक उलटं करतात. आधी अंडं ठरवतात, मग दगडाकडे बघतात.

सुरुवात घरातून

बसभाडं न घालता पहिला जीवाश्म पाहता येतो. देवघरात शाळिग्राम असेल तर आजीला किंवा आईला विचारून, हात धुऊन तो हातात घ्या. तुळशीच्या लग्नात ज्याला नवरदेव म्हणून उभं करतो, तोच. काही शाळिग्राम नुसते गुळगुळीत असतात, पण ज्याला भोक आहे त्यात मोबाइलचा टॉर्च मारून तिरकं बघा. आत चक्र दिसतं. एका बिंदूभोवती गुंडाळत गेलेल्या कडा आणि त्यांना आडव्या, सारख्या अंतरावरच्या बारीक वळ्या. हा अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा. आजच्या माकुलाचा आणि नॉटिलसचा हा लांबचा नातेवाईक. शाळिग्राम येतात नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रातून, मुक्तिनाथच्या बाजूनं, आणि त्यातले अमोनाइट साधारण 15 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

आता थोडं थांबा. समुद्रातला प्राणी हिमालयात कसा? कारण तिथे तेव्हा हिमालय नव्हता, टेथिस नावाचा समुद्र होता. भारताचा भूखंड उत्तरेला सरकत जाऊन आशियाला भिडला तेव्हा त्या समुद्राच्या तळाचा गाळ वर उचलला गेला. मुक्तिनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. म्हणजे तळहातावर मावणारा एक दगड दोन गोष्टी सांगतो: तिथे खारं पाणी होतं आणि ती जमीन नंतर आभाळाकडे चढली. जीवाश्म वाचायचा म्हणजे असा. 'हा कोण' हा अर्धाच प्रश्न झाला, 'हा इथे कसा' हा उरलेला अर्धा. (शाळिग्राम फोडून बघू नका. एका विद्यार्थ्यानं हे करून घरात जे महाभारत घडवलं, त्याची झळ मलाही लागली होती.)

मग स्वयंपाकघरात या. खाली शहाबादी फरशी, ओट्याला काळा कडप्पा. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, गाळातून बनलेले. त्यात शंख-शिंपले शोधा. सापडणार नाहीत, कितीही भिंग फिरवलंत तरी. हे दगड घडले तेव्हा शंख-शिंपल्यांचे प्राणी पृथ्वीवर अवतरायचेच होते. जीवाश्म नसणं हीसुद्धा साक्ष असते, हे मला शहाबादीनं शिकवलं. फरशीवर कुठे फर्नच्या पानासारखी काळी, फाटे फुटलेली नक्षी दिसली तर हरखू नका. दगडाच्या भेगेत मुरलेल्या पाण्यातून मँगनीज आणि लोहाची संयुगं साचून ती चित्रं होतात. तिथे पान कधी नव्हतंच.

पायाखाली काय आहे

बेळगाव मोठ्या गमतीच्या जागी वसलंय. दख्खनच्या पठाराचा काळा लाव्हाखडक, म्हणजे बेसाल्ट, आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्याची दक्षिणेकडची कड आपल्या जिल्ह्यात संपते. त्यामुळे एका दिवसाच्या फेरीत तीन वेगवेगळ्या काळांच्या जमिनी तुडवता येतात. पुण्याच्या माणसाला हे सुख नाही.

निपाणी, चिकोडी, संकेश्वर या बाजूला खणाल तिथे काळा दगड. हा 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आसपासचा लाव्हा. खुद्द लाव्ह्यात जीवाश्म शोधणं म्हणजे उकळत्या तेलाच्या कढईत चिमणीचं घरटं शोधणं. पण लाव्हा एका दमात आलेला नाही, थरावर थर आले, आणि दोन थरांमध्ये कधीकधी शेकडो-हजारो वर्षं विसावा पडला. त्या विसाव्यात माती तयार झाली, डबकी आणि तळी साचली, त्यांत जीव वसले. मग पुढचा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. आपल्याला बघायचे आहेत ते हे मधले, हात-दोन हात जाडीचे गाळाचे पट्टे. भाकरीच्या चळतीत मध्येच चटणीचा थर लागावा तसे. चळतीतली तळाची भाकरी आधी भाजलेली असते, हा नियम इथेही तसाच.

शहराच्या आसपास आणि पश्चिमेला जांभा. तो खडक कुजून, झिजून बनतो. मूळ खडकात काही असलं तरी या कुजण्यात जातं. जांभ्यातल्या नळ्या आणि भोकं पाहून 'किड्यांची घरं' म्हणणारे भेटतात, त्यांना चहा पाजून मार्गी लावावं.

खानापूरकडे धारवाड गटाचे खडक आहेत, अडीच अब्ज वर्षांहून जुने, दाबानं आणि उष्णतेनं पिळून निघालेले. नवशिक्यानं तिथे जीवाश्मासाठी जाऊ नये. रान बघायला जावं.

आणि पूर्वेला गोकाक, रामदुर्ग, पुढे बदामी-बागलकोट. हे कलादगीचं खोरं, म्हणजे फार पूर्वी गाळ साचत गेलेला खोलगट भाग. वाळूखडक, क्वार्टझाइट (वाळूखडकच, पण आणखी घट्ट झालेला), चुनखडी. गाळाचे खडक, म्हणजे आपल्या कामाचे, पण भलतेच म्हातारे. तिथे काय बघायचं ते पुढे सांगतो.

पिशवी

दहापट मोठं दाखवणारं भिंग, जुनी पोलादी सुरी, अर्धं लिंबू, पाण्याची बाटली, दात घासायचा जुना ब्रश, वही, पेन्सिल, पाच रुपयांचं नाणं. नाणं फोटोत दगडाशेजारी ठेवायचं, म्हणजे आकार कळतो. हातोडा पहिल्या वर्षी घरीच राहू द्या. तो हातात आला की डोळे कामातून जातात.

लिंबू आणि सुरी कशाला? दगडाच्या कोपऱ्यावर, जीवाश्मावर नव्हे, लिंबाचे दोन थेंब टाका. चुनखडी असेल तर बारीक बुडबुडे येतात. डोलोमाइट, म्हणजे चुनखडीचा मॅग्नेशियमवाला भाऊ, असेल तर आधी सुरीनं थोडी भुकटी खरवडावी लागते, तेव्हा कुठे जराशी हालचाल दिसते. सुरीनं ओरखडा उठला तर दगड मऊ, उलट सुरीचंच पोलाद दगडावर घासून चकाकी राहिली तर तो गारेच्या जातीचा, सिलिकाचा. लाव्ह्यांच्या मधल्या तळ्यांतले शंख अनेकदा असे गारेचे झालेले असतात. मूळ चुना निघून गेलेला, जागा सिलिकानं घेतलेली, आकार मात्र जसाच्या तसा.

फसवे दगड

आता त्या अंड्याकडे. बेसाल्टला थंड होताना भेगा पडतात आणि त्याचे चौकोनी ठोकळे होतात. पाणी भेगांतून शिरतं, ठोकळ्याचे कोपरे तीन बाजूंनी झिजतात, कडा दोन बाजूंनी आणि सपाट बाजू एकाच बाजूनं. म्हणून कोपरे आधी जातात आणि ठोकळा गोल होत जातो, पापुद्रे सुटत जातात. आत टणक गाभा उरतो. आमच्याकडच्या 'अंड्यां'ची ही कुळकथा. खऱ्या अंड्याचं कवच एखाद-दोन मिलिमीटर जाडीचं असतं, त्यावर भिंगातून बारीक दाणे आणि छिद्रं दिसतात, आणि ते गाळाच्या खडकात असतं. लाव्ह्यात नाही.

पण हसून सोडून देण्याआधी हेही ऐका. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात लोक शेतातले गोल दगड कुलदैवत म्हणून पूजत होते, आणि ती डायनासोरची अंडी असल्याचं तज्ज्ञांनी ओळखलं. 2023 च्या डिसेंबरात ही बातमी सगळीकडे आली. तिथे ते घडलं कारण नर्मदेच्या खोऱ्यात त्या काळच्या गाळाचे खडक उघडे आहेत. गोल आकारानं काहीच ठरत नाही, आजूबाजूच्या खडकानं ठरतं.

दुसरा फसवा म्हणजे बेसाल्टच्या पोकळीतले पांढरे, पंख्यासारखे पसरलेले स्फटिक. ते झिओलाइट, प्रवाळ नव्हे. तिसरा कंकर, काळ्या रानात मिळणारे चुन्याचे पांढुरके गाठाळ खडे. काही तर अगदी बोटाच्या हाडासारखे असतात. तोडून भिंगातून बघा. हाडाला आतून स्पंजासारखी जाळी असते, कंकर आतून भरीव आणि पिठूळ. जुनी मंडळी हाडाचा तुकडा जिभेला लावून बघतात, सच्छिद्र असल्यानं तो किंचित चिकटतो. मी करतो. तुम्ही करा असं म्हणणार नाही, रानात शेण-खत सगळंच असतं.

गोकाकचा एक दिवस

बेळगावहून गोकाक 70 किलोमीटरच्या आसपास. सकाळची बस धरा. धबधबा पावसाळ्यात बघावा, दगड मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पावसानं ओढ्यांचे काठ नुकते धुतलेले असतात, गवत वाळलेलं असतं, ऊनही सोसवतं. पाणी असताना कड्याच्या टोकाला जाऊ नका, शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही.

घटप्रभा जिथून सुमारे 52 मीटर खाली उडी घेते तो कडा कलादगीच्या वाळूखडकाचा. या टणक थरामुळेच नदीला एकदम उडी मारावी लागते. या भागातल्या वाळूखडकात ठिकठिकाणी दगडी लाटा दिसतात, ओहोटीनंतर किनाऱ्यावर राहतात तशाच, बोटभर अंतरावरच्या. उन्हं तिरपी असताना बघा, दुपारी बारा वाजता काही दिसायचं नाही. लाटेच्या दोन्ही बाजू सारख्या असतील तर पाणी मागं-पुढं हेलकावत होतं, एक बाजू उतरती आणि दुसरी खडी असेल तर प्रवाह खड्या बाजूच्या दिशेनं वाहत होता. हा जीवाश्म नाही, पाण्याची सही आहे. त्या वाळूत ना शंख, ना माशाचं हाड. शहाबादीसारखीच गोष्ट: कोण येणार, कोणी जन्मलंच नव्हतं.

'कोणीच नव्हतं' हे मात्र पूर्ण खरं नाही. याच खोऱ्यात पूर्वेला, बागलकोट जिल्ह्यात लोकापूरच्या बाजूला, चुनखडी आणि डोलोमाइटात स्ट्रोमॅटोलाइट मिळतात. कोबीचा गड्डा मधोमध कापावा तसे एकावर एक चढलेले वक्र पापुद्रे. उथळ पाण्यात सूक्ष्म जीवांचे चिकट थर वाढायचे, त्यांवर गाळ बसायचा, त्यावर पुन्हा नवा थर. यांत मोठा वाटा सायनोबॅक्टेरियांचा, जे सूर्यप्रकाशावर अन्न बनवतात आणि प्राणवायू सोडतात. तिथले हे थर एक अब्ज वर्षांहून जुने आहेत. आजही ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क बे इथे असे जिवंत थर वाढताना दिसतात. आपण श्वासात घेतो तो प्राणवायू हवेत भरायला असल्याच बुळबुळीत जीवांनी सुरुवात केली. मुधोळच्या घोरपड्यांचा इतिहास आमच्याकडे सगळ्यांना पाठ, मुधोळच्या शेजारचा हा इतिहास कुणाला सांगितला की माणूस माझ्याकडेच संशयानं बघतो.

आता लाव्ह्यांमधला पट्टा. गोकाक तालुक्यात ममदापूरच्या बाजूला असे मधले गाळाचे थर आहेत. या भागात बोलणं कानडीत. बांधावर कुणी दिसलं की थांबायचं, नमस्कार करायचा आणि "इल्ली कल्ल नोडबहुदेन री?" म्हणायचं. इथले दगड बघू का, एवढाच अर्थ. शेतमालक मग स्वतःच विहिरीच्या उपशाकडे नेतो. विहिरीचा उपसा ही नवशिक्यासाठी सोन्याची खाण. जमिनीखालचे सगळे थर आयते बाहेर पडलेले असतात, खणावं लागत नाही. त्यात काळ्या दगडाच्या राशीत करडा, पिवळसर किंवा पांढरट, पापुद्र्याचा नाहीतर काचेसारखा फुटणारा तुकडा दिसला की तिथेच बसा.

एक तुकडा वाचून बघू

माझ्यासमोर आत्ता असा एक तुकडा आहे. तळहाताएवढा, करडा, गारेचा, कडेला काचेसारखी धार. वरच्या बाजूला सात गोगलगायी. सर्वांत मोठी अंगठ्याच्या पेराएवढी, सर्वांत लहान ज्वारीच्या दाण्याएवढी. टोक वर धरलं की तोंड डावीकडे येतं. बहुतेक शंख उजवीकडे उघडतात, त्यामुळे हा डावखुरा शंख लगेच ओळखू येतो. फायसा नावाच्या या गोगलगायी दख्खनच्या मधल्या थरांत, पार नागपूरपासून, नेहमी भेटतात.

आता प्रश्न विचारायचे. पाणी गोडं की खारं? या कुळातल्या आजच्या गोगलगायी तळ्यात, संथ ओढ्यात राहतात. समुद्री काहीही सोबत नाही. म्हणजे गोडं, संथ पाणी. त्या इथेच जगल्या की वाहून आल्या? लहान-मोठ्या सगळ्या वयाच्या एकत्र आहेत, कवचं फुटलेली नाहीत, एका दिशेनं रांगेत लागलेली नाहीत. प्रवाहानं आणल्या असत्या तर सारख्या मापाच्या चाळून निघाल्या असत्या आणि ठेचकाळल्या असत्या. तेव्हा बहुधा इथेच जन्मल्या, इथेच मेल्या. भिंगातून शेजारी मोहरीहूनही लहान एक गोळा दिसतो, त्यावर मळसूत्रासारख्या वळ्या. तो कॅरा गटातल्या पाणवनस्पतीचा बीजासारखा भाग. ही वनस्पती तळाशी ऊन पोचतं अशा उथळ, नितळ पाण्यात वाढते.

एवढ्यावरून चित्र उभं राहतं. खाली गार झालेला लाव्हा, त्याच्या खोलगट भागात साचलेलं उथळ तळं, तळाशी हिरवळ, त्यावर चरणाऱ्या गोगलगायी. आणि वर? वर पुन्हा लाव्हा, म्हणजे हे तळं एक दिवस संपलं. पण पिलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत गोगलगायी नांदायला वेळ लागतो, वनस्पती आधी यायला वेळ लागतो. ज्वालामुखी सतत ओकत नव्हता हे आपल्याला या ज्वारीच्या दाण्यानं सांगितलं. वर्षांचा आकडा तो सांगत नाही. तो मिळतो वर-खालच्या लाव्ह्यातल्या आर्गॉन वायूचं प्रमाण प्रयोगशाळेत मोजून. जीवाश्म प्रसंग सांगतो, लाव्हा तारीख सांगतो, आणि या कामात दोघांची गाठ लागते.

ही तारीख डायनासोर संपले त्या काळाला येऊन भिडते. अमोनाइटही तेव्हाच संपले. म्हणजे देवघरातल्या शाळिग्रामातला प्राणी जिवंत असताना आपला काळा दगड जन्मलाही नव्हता, आणि त्याचा वंश ज्या सुमारास बुडाला त्याच सुमारास हा लाव्हा वाहत होता. दोघं एकाच घरात आहेत, एक देव्हाऱ्यात आणि एक जोत्यात.

घटप्रभेच्या काठचा गेंडा

नदीकाठच्या गाळात त्यामानानं अगदी अलीकडचं सामान मिळतं. रॉबर्ट ब्रूस फूट हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले अधिकारी. 1863 मध्ये चेन्नईजवळ पल्लावरमला त्यांना अश्मयुगीन हत्यार मिळालं आणि भारतातला अश्मयुगाचा अभ्यास सुरू झाला. हेच फूट पुढे आपल्या भागात फिरले, दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवर त्यांचा ग्रंथ 1876 मध्ये निघाला. गोकाकजवळ त्यांना गेंड्याचे अवशेष मिळाले. 1874 मध्ये त्यांनी त्याला नाव दिलं, ऱ्हिनोसेरॉस डेक्कनेन्सिस. दख्खनचा गेंडा! आज भारतात रानातला गेंडा बघायचा तर आसाम, उत्तर बंगाल नाहीतर उत्तर प्रदेशातलं दुधवा असं लांब कुठेतरी जावं लागतं. गेंड्यासारख्या जनावराला भरपूर चारा आणि पाणी लागतं, तेव्हा आज ऊस उभा आहे त्या रानाचं रूप तेव्हा काय असेल याचा अंदाज करा. घटप्रभा आणि मलप्रभेच्या जुन्या गोट्यांच्या थरांत दगडी हत्यारंही मिळतात. ती जीवाश्म नव्हेत, पण दिसली तर तशीच राहू द्या आणि फोटो घ्या.

नोंद

हा भाग लोक गाळतात, आणि मीही गाळला होता. तिशीत असताना एका फेरीत खिसाभर शंख गोळा केले, सगळे एकाच रुमालात बांधले आणि महिन्यानं टेबलावर ओतले. कुठला कुठल्या बांधावरचा, कुठला विहिरीच्या वरच्या थरातला, कुठला खालच्या, काही आठवेना. एका अभ्यासकाला दाखवले. त्यांनी प्रेमानं चहा पाजला आणि म्हणाले, "सुंदर आहेत. आता शोकेसमध्ये ठेवा." त्यांतला एक अजून माझं पेपरवेट आहे.

म्हणून उचलण्याआधी लिहा. तारीख, गाव, शेताची खूण, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, दगड जागेवर होता की सुटा पडलेला, वर काय आणि खाली काय. खडकात घट्ट असलेलं काही काढू नका. सुटं उचललंत तर एक तुकडा, एक पुडी, एक चिठ्ठी, आणि चिठ्ठी पेन्सिलीनं, कारण शाई ओलीनं पसरते. हाड किंवा दात असल्याचा संशय आला तर हातच लावू नका. फोटो आणि ठिकाण घेऊन जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांकडे जा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राचीन प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास चालतो, लखनौची बिरबल साहनी संस्था वनस्पतींच्या जीवाश्मांचं काम 1946 पासून करते आहे. पत्र लिहिताना 'डायनासोर' हा शब्द पहिल्या ओळीत नको.

परतीच्या बसआधी अर्धा तास हाताशी ठेवा. गोकाकचा करदंट, म्हणजे गूळ आणि सुक्या मेव्याची मिठाई, स्टँडजवळ ताजा मिळतो. फक्त तो आणि दगड एका पिशवीत ठेवू नका, गुळाचा चिकटा भिंगाला लागला की निघता निघत नाही.